कृत्रिम अवयवविद्येतील संशोधनपद्धती : एक ऐतिहासिक विवेचन

कृत्रिम पायाचा इतिहास सांगताना ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील विश्पलेचा उल्लेख बहुधा प्रारंभीच केला जातो. तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा दिली, अशी ती कथा. या उल्लेखावरून कृत्रिम पायाची कल्पना त्या काळी अस्तित्वात होती, एवढेच सिद्ध होते. असा पाय प्रत्यक्ष घडविला जात असे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कल्पना, वस्तू आणि वस्तूचा उपयोग या तीन निरनिराळ्या गोष्टी असून प्रत्येकीस निराळा पुरावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकास हा भेद परिचित आहे. अवयवविद्येच्या विद्यार्थ्यासही संशोधनपद्धतीचा पहिला पाठ म्हणून तोच गिरवावा लागतो.

या विद्येला संस्थात्मक रूप आले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. जखमी सैनिकांसाठी पुणे येथे 1944 साली कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. अमेरिकेत 1945 साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या विद्यमाने या विषयाच्या संशोधनाची योजना आखण्यात आली. मुंबईस 1955 साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. तोपर्यंत मुख्यतः सुतार, चर्मकार व लोहार यांच्या हाती असलेला हा व्यवसाय अशा रीतीने शिक्षणक्रमाचा व पुढे पदवीचा विषय झाला.

अमेरिकेतील संशोधनाचा विशेष असा की, नवीन पाय घडविण्यापूर्वी माणूस चालतो कसा, हे मोजले पाहिजे, असे तेथील अभ्यासकांनी ठरविले. बर्कली येथे शल्यविशारद इनमन आणि अपघातात स्वतःचा पाय गमावलेले अभियंते एबरहार्ट यांनी चालण्याच्या हालचालींची चलच्चित्रे घेतली व जमिनीवर पडणाऱ्या भाराची मोजमापे केली. याच परंपरेतून 1950 नंतरच्या दशकात ‘सॅच’ नावाचा पाय तयार झाला. त्याच्या आत कठीण गाभा आणि टाचेला मऊ गादी असून घोट्याला सांधा नाही. मोजमाप काटेकोर होते. परंतु त्यात एक गृहीत अनुच्चारित राहिले होते. हा पाय वापरणारा मनुष्य बूट घालील, खुर्चीवर बसेल आणि सपाट जमिनीवर चालेल, हे ते गृहीत होय.

हे गृहीत जयपूर येथे उघडे पडले. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि अल्पशिक्षित परंतु कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 नंतरच्या दशकात रबराचा पाय घडविला. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि अनवाणी चालणे त्याने शक्य झाले. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली या पायाचे शास्त्रीय वर्णन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. 1981 साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. तथापि पुरस्कार म्हणजे पुरावा नव्हे. या पायाची सॅच व सिअ‍ॅटल या पायांशी भारमापनाने केलेली एक तुलना 1995 साली प्रसिद्ध झाली. जयपूर पायाची चाल नैसर्गिक चालीला अधिक जवळची, तर धक्का शोषण्यात सॅच सरस, असा तिचा निष्कर्ष होता. अभ्यासलेल्या व्यक्ती मात्र मोजक्याच होत्या.

संख्येची ही अडचण या विद्येत नित्याची आहे. कोणतेही दोन खुंट सारखे नसतात. म्हणून एकाच व्यक्तीस आळीपाळीने निरनिराळे पाय लावून तिची तिच्याशीच तुलना करावी लागते. प्रत्येक पाय अंगवळणी पडण्यास अवधी द्यावा लागतो आणि पायांचा क्रमही बदलता ठेवावा लागतो. औषधाच्या गोळीप्रमाणे पाय लपविता येत नाही. वापरणारा तो पाहतो, आणि त्याच्या अभिप्रायावर त्याचा परिणाम होतो.

ही मोजमापे ज्यांच्यासाठी करावयाची, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. अकोल्यातून 1998 साली वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 12 लक्ष असून तिचा चार-पंचमांशाहून अधिक भाग ग्रामीण आहे. सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या काळ्या मातीच्या प्रदेशात शेतमजुराचा पाय पावसाळ्यात चिखलात रुतला पाहिजे आणि सुटलाही पाहिजे. खुरपणीसाठी त्याला तासन्‌तास उकिडवे बसता आले पाहिजे. प्रयोगशाळेतील दहा मीटरांच्या वाटेवर यांपैकी काहीच मोजले जात नाही. शिबिरात किती पाय वाटले, ही संख्या तर याहूनही अपुरी; ती वस्तूचा पुरावा देते, उपयोगाचा देत नाही. दुरुस्तीसाठी केंद्रात परत येणाऱ्यांनाच प्रश्न विचारले, तर ज्याने पाय खुंटीला टांगून पुन्हा कुबडी धरली, तो अभ्यासातून आपोआप गळतो. वास्तविक त्याचेच म्हणणे सर्वांत आधी ऐकावयास हवे.

म्हणून संशोधनपद्धतीचे शिक्षण म्हणजे केवळ संख्याशास्त्राची सूत्रे नव्हेत. बर्कलीने मोजावयास शिकविले. काय मोजावे, हे जयपूरने विचारावयास लावले. हे दोन्ही संस्कार ज्या विद्यार्थ्यावर होतील, तो पाय बसवून थांबणार नाही. वर्षभराने तो गावी जाईल आणि पाय कोठे आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहील.