मोटारदारातील ध्वनिशोषक फोमचे जलरोधन

मोटारगाडीच्या दारात बसवलेल्या स्पीकरच्या मागे, दाराच्या पोकळीत, ध्वनी शोषण्यासाठी लावलेला सच्छिद्र फोम पावसाच्या पाण्याने निकामी होऊ नये आणि तरीही त्याची शोषणशक्ती टिकावी, यासाठी केल्या जाणाऱ्या उपायांना फोमचे जलरोधन म्हणतात. हे दोन्ही हेतू एकमेकांना छेद देतात. कारण ज्या छिद्रांत हवा खेळते म्हणून फोम ध्वनी शोषतो, त्याच छिद्रांतून पाणीही आत शिरते.

दाराची पोकळी ही मुळातच ओली जागा आहे. सुमारे पाऊण मिमी. जाडीचा बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये काच खाली उतरते. काचेलगतची रबरी पट्टी, जिला गॅरेजात बीडिंग म्हणतात, पाणी निपटते, पण पूर्णपणे अडवत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते. आत आलेले पाणी पत्र्यावरून ओघळून दाराच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकांवाटे बाहेर पडते. आतल्या पत्र्याला प्रवाशांच्या बाजूने ब्युटिल या चिकट रबराने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ओला भाग आणि कोरडा भाग यांची सीमा ठरवतो. स्पीकर नेमका या सीमेवर बसतो: त्याचे तोंड कोरड्यात, तर पाठ ओल्यात.

स्पीकरचा पडदा पुढे जितका ध्वनी सोडतो तितकाच मागेही सोडतो. मागचा ध्वनी जवळच्या बाहेरच्या पत्र्यावर आपटून परततो आणि स्पीकरच्या पातळ पडद्यातून पार होऊन मूळ ध्वनीत किंचित उशिराने मिसळतो, त्यामुळे मध्यम पट्टीतील स्वर, विशेषतः गाणाऱ्याचा आवाज, गढूळ होतो. हा परावर्तित भाग फोमच्या छिद्रांतील हवेच्या घर्षणात जिरतो. मात्र सच्छिद्र थराचा पूर्ण परिणाम त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल तेव्हाच मिळतो. १,००० हर्ट्‌झला ही जाडी सुमारे ८.५ सेंमी. भरते, त्यामुळे दारात मावणाऱ्या २ सेंमी. फोमकडून खर्जाच्या बाबतीत काही अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. खर्जाने थरथरणारा पत्रा शांत करण्याचे काम अॅल्युमिनियमचे अस्तर लावलेल्या ब्युटिलच्या जड पत्तीचे असते.

फोमच्या निवडीतच निम्मे जलरोधन होते. खुल्या पेशींचा पॉलियुरेथेन फोम उत्तम शोषक असला, तरी तो स्पंजासारखा पाणी धरतो. त्यातही पॉलिएस्टरपासून बनवलेला प्रकार उष्णता आणि ओल यांच्या संगतीत जलविघटनाने चिकट होऊन भुगा होतो, तर पॉलिईथरपासून बनवलेला त्या मानाने टिकतो. बंद पेशींचा पॉलिएथिलीन किंवा नायट्राइल रबराचा फोम पाणी घेत नाही, परंतु त्याच्यात हवा खेळत नसल्याने ध्वनीही फारसा शोषत नाही, आणि बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकले जातात. पॉलिएस्टरच्या तंतूंची गादी हा चांगला मध्यममार्ग ठरतो, कारण तिचे तंतू स्वतः पाणी पीत नाहीत आणि ती लवकर वाळते.

फोमवर पातळ पापुद्रा चढवणे हा दुसरा उपाय होय. २५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर पापुद्र्याचे वजन दर चौ. मी.ला सुमारे ३५ ग्रॅम असते. असा पापुद्रा खालच्या स्वरांना हवेइतकाच सहज हलतो, परंतु सुमारे २,००० हर्ट्‌झच्या वर त्याचे जडत्व ध्वनीला परतवू लागते. पापुद्रा जितका पातळ, तितकी ही मर्यादा वर सरकते. तो ताणून किंवा सर्वत्र गोंद लावून न बसवता सैल ठेवून फक्त कडांना चिकटवावा लागतो, आणि एखादी कड उघडी राहिली तर फोमला पाणी मिळते, पण वाट मिळत नाही, ही अवस्था उघड्या फोमपेक्षाही वाईट.

स्पीकरच्या पाठीवर बंद पेशींच्या फोमची वाटी बसवण्याची पद्धतही रूढ आहे. पूर्ण वाटी पाणी अडवते खरी, पण स्पीकरमागची हवा थोड्या जागेत कोंडून त्याचा अनुनाद वर चढवते व खर्ज हरवतो. म्हणून जाणकार कारागीर तिचा तळ आणि मागची बाजू कापून वरचा भाग तेवढा पागोळीसारखा ठेवतात. शोषक फोम बाहेरच्या पत्र्यावर, स्पीकरच्या बरोबर समोर आणि दाराच्या तळापासून वर लावतात. तो काचेच्या वाटेत किंवा निचऱ्याच्या भोकांवर येता कामा नये. चिकटवण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, कारण धूळ आणि मेणावर कोणताही गोंद धरत नाही.

कोकण आणि गोव्यात, जिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तिथे भिजलेल्या फोमला वाळायला उसंतच मिळत नाही. बुरशीचा वास, पत्र्याला फोमच्या मागून लागणारा गंज आणि हिरवे पडलेले वायरींचे जोड अशी त्याची लक्षणे दिसतात. गाडीचा ब्रेक लावताच दारातून पाणी हेलकावल्याचा आवाज येत असेल, तर फोमपेक्षा आधी तळाची भोके तपासावी लागतात. सुटून पडलेला फोमचा तुकडा बहुधा तिथेच अडकलेला सापडतो.