वाईकर, प्रतीक
पुण्याचा भारतीय खो-खोपटू आणि पहिल्या विश्वचषक स्पर्धेतील (२०२५) विजेत्या भारतीय पुरुष संघाचा कर्णधार. वयाच्या आठव्या वर्षी तो या खेळाकडे वळला. संगणकशास्त्राची पदवी आणि वित्त विषयातील पदव्युत्तर शिक्षण त्याने खेळासोबतच पूर्ण केले. ५६ व्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळाले (पहा : खो-खो).

अल्टिमेट खो-खो लीगच्या २०२२ मधील पहिल्या हंगामात तो तेलुगू योद्धाजचा कर्णधार होता. पुण्यातील अंतिम सामना मात्र ओडिशा जगरनॉट्सने त्याच्या संघाविरुद्ध ४६–४५ असा एका गुणाने जिंकला. या लीगमध्ये हा मातीतला खेळ मॅटवर खेळला गेला आणि ‘वजीर’ ही भूमिका रूढ झाली. एरवी आक्रमकाला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत पोहोचेपर्यंत बदलता येत नाही. वजिराला मात्र दोन्ही दिशांना वळून पाठलाग करता येतो, त्यामुळे पळणाऱ्याची हुलकावणी तितकीशी चालत नाही. वाईकर वजीर म्हणूनही खेळतो.

विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीत झाली. अंतिम सामन्यात पहिल्याच आक्रमणात २६ गुण घेऊन भारताने नेपाळला ५४–३६ असे हरवले. प्रशिक्षक अश्वनीकुमार शर्मा होते. संघात महाराष्ट्राचे पाच खेळाडू होते. त्यांपैकी रामजी कश्यप सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा. खो-खोची भक्कम परंपरा असलेल्या या गावाच्या दृष्टीने त्याची संघातील निवड विशेष महत्त्वाची आहे (पहा : वेळापूर). पुरुषांच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी भारताच्या महिला संघानेही अंतिम फेरीत नेपाळविरुद्ध ७८–४० असा विजय मिळवला (पहा : इंगळे, प्रियांका).