साष्टी : संवाद आणि सक्ती

साकीनाक्याहून मरोळमार्गे पुढे गेल्यावर सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले.

हा परिसर पूर्वीच्या साष्टी बेटाचा भाग. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या अमलात धर्मप्रसाराला राजसत्तेचे पाठबळ होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ च्या तेथील धर्मपरिषदेने हिंदू पुरोहितांबरोबरच मुस्लिम धर्मोपदेशकांनाही हद्दपार करावे, असा ठराव केला.

याच काळाची दुसरी बाजूही आहे. १५७९ मध्येच अकबराचे निमंत्रण गोव्यास पोहोचले. १५८० मध्ये अक्वाविवा, मॉन्सेरात व हेन्रिकेस हे जेझुइट फत्तेपूर सिक्रीस गेले. बादशहाने बहुभाषी बायबल आदराने स्वीकारले, उलेमांशी त्यांची चर्चा घडविली. मोगल चित्रकारांनी युरोपीय चित्रशैली आत्मसात केली. अकबराने धर्म मात्र बदलला नाही.

पाद्री एकाच संघाचे होते. सिक्रीत ते पाहुणे होते, साष्टीत राज्यकर्त्यांचे सहकारी. देवघेव आणि सक्ती यांतील सीमारेषा धर्माने नव्हे, तर सत्तेने आखली, असेच या दोन घटनांवरून दिसते.