पाठीमागची शिवण

इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचं इजिप्तमधलं थीब्ज. ममीची कवचं घडवणाऱ्या कारागिरांच्या जागेत तुम्ही पाऊल टाकता आणि सरसाचा वास थेट डोक्यात जातो.

समोर माती आणि काडाचा माणसाएवढा पुतळा आहे. त्यावर सरसात भिजवलेल्या लिननचे थरावर थर चढतायत, वरून पांढरा लेप. मग पाठीला उभी चीर देऊन आतली माती उकरून काढतात. उरतं ते पोकळ कवच. पट्ट्यांत गुंडाळलेला देह याच चिरेतून आत सरकवायचा आणि पोत्याचं तोंड शिवावं तशी भोकांतून दोरी ओवून पाठ आवळायची. पायाशी लाकडी फळी. पुढून बघणाऱ्याला शिवण दिसता कामा नये, सगळा खटाटोप त्यासाठी.

रंगवणाऱ्यापाशी जरा रेंगाळा. त्याच्या वाडग्यातला निळा रंग कुठल्या खाणीत सापडत नाही; वाळू, चुना, तांबं आणि खार भट्टीत भाजून तो बनवावा लागतो. तांबड्याला गेरू, पिवळ्याला हरताळ, काळ्याला काजळी. छातीवर मेंढ्याच्या डोक्याचा ससाणा पंख पसरतोय. आणि चेहरा? तरुण, तुकतुकीत, टपोऱ्या डोळ्यांचा. आतला म्हातारा असो की रोगट, वर चेहरा हाच! म्हणून तर नाव लिहावं लागतं.

पलीकडे देह तयार करणाऱ्यांकडे कुजबूज चाललीय. कर्नाकच्या खोन्सू देवाच्या मंदिराचा पुजारी नेस्पेरेन्नुब त्यांच्यापुढे आहे. ओतलेली राळ टिपायला डोक्याखाली ठेवलेलं ओबडधोबड मातीचं भांडं कवटीला चिकटून बसलंय. (राळेचा हा कयास अभ्यासकांचा, भांडं मात्र पक्कं खरं.) ओढून पाहिलं, निघेना. शेवटी भांड्यासकट पट्ट्या गुंडाळल्या जातात. घरच्यांना कोण सांगणार? वर रंगीत कवच चढलं की झालं.

अठ्ठावीसशे वर्षं खपलंही ते. मग ब्रिटिश म्युझियमच्या या ममीचं, एकही पट्टी न उलगडता, सीटी स्कॅन झालं आणि डोक्याला चिकटलेलं भांडं उघड झालं. २०१२ साली हाच नेस्पेरेन्नुब मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. तेव्हा गेला असाल, तर त्या कारागिरांनी झाकलेली फजिती तुम्हीही पाहिली असेल.