लोहाधारित अतिसंवाहक : डोपिंगचा परिणाम

लोह आले की अतिसंवाहकता गेली, हा जुना समज 2008 मध्ये मोडला. टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजनच्या संयुगात काही ऑक्सिजनच्या जागी फ्लुओरीन घातले. 26 केल्व्हिनला अतिसंवाहकता मिळाली.

बेरियम-लोह आर्सेनाइडचे उदाहरण अधिक बोलके आहे. शुद्ध स्थितीत सुमारे 140 केल्व्हिनखाली त्यात प्रतिलोहचुंबकी मांडणी असते. बेरियमच्या जागी सुमारे 40 टक्के पोटॅशियम आले, की इलेक्ट्रॉन घटतात, मांडणी विस्कटते आणि अतिसंवाहकतेचे संक्रमण तापमान 38 केल्व्हिनवर पोहोचते. लोहाच्याच जागी थोडे कोबाल्ट चालते, हे नवलच. ताम्रयुक्त अतिसंवाहकांना तांब्याच्या जागी परका अणू सहसा सोसत नाही. आर्सेनिकऐवजी फॉस्फरस घातल्यास इलेक्ट्रॉनसंख्या बदलत नाही, तरीही चुंबकत्व ओसरते. डोपिंग, म्हणजे परक्या अणूंची भर, कमी असताना चुंबकत्व व अतिसंवाहकता हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. कोबाल्ट फार वाढले, तर अतिसंवाहकताही नाहीशी होते.