शाप, शपथ आणि गाढव

इंग्रजीतील ‘स्वेअर’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: शपथ घेणे आणि शिव्या देणे. न्यायासनापुढे साक्षीदार जे करतो तेच चिडलेला गाडीवान रस्त्यात करतो, असे ही भाषा म्हणते. मूळचा अर्थ शपथेचा. देवाचे नाव ऊठसूट घेण्याची सवय जडली तेव्हा दुसरा अर्थ त्यातून निघाला. ‘झाउंड्स’ हा जुन्या नाटकांतील उद्गार म्हणजे ‘देवाच्या जखमांची शपथ’ या शब्दांचा झिजून उरलेला तुकडा. ‘डॅम’ हा लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी हानी, दंड असा व्यवहारातला अर्थ आहे. ‘कर्स’ या शब्दाचे मूळ मात्र कोशकारांना अजून निश्चित करता आलेले नाही.

आपल्याकडेही तोच प्रकार. शाप आणि शपथ हे दोन्ही शब्द ‘शप्’ या एकाच संस्कृत धातूचे. शपथ म्हणजे काय, तर स्वतःलाच आगाऊ दिलेला शाप: खोटे बोललो तर माझे अमुक होवो. झीजही तशीच. कोकणातली आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणते तेव्हा तिच्या मनात मरण नसते. इंग्रजाच्या ‘डॅम’मध्ये तरी नरक कुठे उरला आहे?

परंतु शाप झिजलेला नव्हता, त्याच्यावर राज्यकारभार चालत होता, असा काळ या भूमीने पाहिला आहे. आपले मढ ज्या साष्टी बेटात आहे त्याचे जुने नाव षट्षष्टी. या नावाचा उल्लेख परळ येथे सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या लेखात येतो. लेख ११८७ सालचा. वैद्यनाथ देवाला दिलेल्या उत्पन्नाची त्यात नोंद आहे. दानाचा मजकूर संस्कृतात, पण शेवटी राजा एकाएकी मराठीत बोलू लागतो. हे शासन मोडील त्याच्यावर देवाचा भाला सहकुटुंब पडो, असे सांगून पुढे तो त्याच्या आईच्या नावाने गाढवाची शिवी देतो. ती येथे उच्चारण्याजोगी नाही.

अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान टिकावे; मध्ये लेख; खाली गाढव आणि स्त्री यांचे चित्र. अलिबागजवळच्या आक्षीचा असाच लेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, म्हणून वाचला जातो. ते वाचन धरले तर मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत शिवीच्या शिळेला स्थान द्यावे लागते! भाषेच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही.

हे का झाले? ताम्रपटांतील संस्कृत शाप परलोकाची भीती घालतात: भूमी हरण करणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. पंडिताला हे पुरेसे होते. शेताचा बांध सरकवणाऱ्या शेजाऱ्याला साठ हजार वर्षांचे काय! त्याला त्याच्या भाषेत, आणि वाचता येत नसेल तर चित्रात, याच जन्मातली बेअब्रू दाखवावी लागे. राजाचे शिपाई दर गावी नव्हते, दगड होता. पुढच्या काळातील कागदांत हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची शपथ घातलेली आढळते, तीही याच समजुतीने.

मात्र या व्यवस्थेत जामीन कोण राहिले ते पाहिले पाहिजे. दान राजाचे, लोभ पुरुषाचा, आणि अब्रू पणाला लागली ती त्याच्या आईची. आजच्या आपल्या बहुतेक शिव्यांचीही घडण हीच आहे. इंग्रजी शिवीने देवाला वेठीस धरले, आपण आईला. आणि आपल्या निवडीचे समर्थन मला तरी सापडत नाही.

यांतल्या कित्येक शिळांना गावकरी आता ग्रामदेवता समजून शेंदूर फासतात, काही ठिकाणी अपशकुनी म्हणून त्या फोडल्या किंवा पुरल्याही गेल्या. शेंदराचे थर चढतात तसा मधला लेख बुजतो, आणि सूर्य-चंद्र तेवढे वर दिसत राहतात.