दुसऱ्या पंक्तीचे वाङ्मय

1950 साली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी प्रथमच रीतसर बहाल केली, तेव्हा तिचे मानकरी 27 होते. त्या फेरिस्तीवर नजर टाकली असता पटावरील पराक्रमाइतकीच दुसरी एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की तीतील बहुसंख्य माणसे लिहिणारी होती. डॉ. माक्स यूवे यांनी ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले होते, र्‍यूबेन फाइन यांचा डावाच्या अंतिम पर्वावरील बृहद्‍ग्रंथ 1941 मध्ये प्रसिद्ध झाला होता, मीझेस वृत्तपत्रांच्या आणि पुस्तकांच्या आधारावर कित्येक दशके जगत आले होते. आणि त्याच यादीत साव्हिएली तार्ताकोव्हर नावाचे 63 वर्षांचे एक गृहस्थ होते, ज्यांना जगज्जेतेपदाच्या सामन्याला बसण्याचा योग हयातीत कधी आला नाही, परंतु ज्यांच्या गद्याची आठवण काढल्यावाचून या खेळाच्या वाङ्मयाचा इतिहास पुरा होत नाही. खेळणाऱ्याने लेखणी का धरावी, हा प्रश्न क्रिकेटपटूच्या किंवा मल्लाच्या बाबतीत क्वचितच पडतो. बुद्धिबळपटूच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर त्याच्या विद्याव्यासंगात जितके आहे तितकेच त्याच्या खर्चवेचाच्या वहीत आहे.

हा व्यवसाय प्रारंभी आश्रयाचा होता. आपल्याकडे पैठणहून काशीस जाऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा धर्मनिबंध रचला आणि त्याच्या ‘नीतिमयूख’ या भागात राजनीतीच्या जोडीने बुद्धिबळाच्या रीतीही नमूद करून ठेवल्या. त्या ग्रंथाचे नावच मुळी भगवंतदेव या आश्रयदात्या राजाच्या नावावरून पडलेले आहे. युरोपातील कथा याहून फार निराळी नाही. फ्रँस्वा-आंद्रे दानिकां फिलिदोर हा फ्रेंच राजदरबारच्या वादकांच्या घराण्यातील संगीतकार. हॉलंडमध्ये योजलेले गायनवादनाचे जलसे फिसकटल्यामुळे तो परमुलखात कफल्लक होऊन बसला आणि तेथे तळ देऊन असलेल्या इंग्रज अंमलदारांना बुद्धिबळ शिकवून पोट भरू लागला. त्याच अंमलदारांच्या वशिल्याने 1749 साली लंडनमध्ये त्याचा ग्रंथ वर्गणीदारांच्या पैशांवर छापला गेला. ड्यूक ऑफ कंबरलंड याने एकट्याने 50 प्रती घेतल्याची नोंद आहे. ग्रंथ लिहिला तेव्हा फिलिदोरचे वय पुरते तेवीसही नव्हते, आणि प्यादे हेच या खेळाचे खरे बळ होय हा जो सिद्धांत त्याने मांडला त्याची फेड पुढील दोनशे वर्षे होत राहिली. म्हणजे युरोपातील बुद्धिबळाचा पहिला मोठा शास्त्रग्रंथ हा एका अडचणीत सापडलेल्या वादकाच्या उदरभरणाच्या तजविजीतून निर्माण झाला; यात मला तरी काही उणेपणा वाटत नाही.

येथे जाता जाता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हिंदुस्थानात या खेळावरची दोन इंग्रजी पुस्तके छापली गेली: मद्रासेस 1829 साली गुलाम कासिम याने जेम्स कॉक्रेनच्या साहाय्याने केलेले एका विशिष्ट प्रारंभाचे विश्लेषण, आणि त्याआधीच, 1814 साली, मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्या नावे संस्कृतातून इंग्रजीत उतरवून, युरोपीय रीतीस अनुसरून सिद्ध केलेला बुद्धिबळविषयक निबंध. विद्या शास्त्र्यांची, भाषा साहेबाची आणि छापखाना मुंबईचा, असा तो योग होता. परंतु त्यातून येथे लिहित्या खेळाडूंची परंपरा उभी राहिली नाही, कारण ज्या वस्तूवर ती परंपरा युरोपात पोसली गेली ती वस्तू, म्हणजे पैसे देऊन बुद्धिबळाचा मजकूर विकत घेणारे वर्तमानपत्र, आपल्याकडे अजून जन्मास यावयाचे होते.

युरोपात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आले. तत्पूर्वी उत्तम खेळाडू पॅरिसच्या ‘काफे द ला रेजांस’सारख्या कॉफीगृहात येईल त्या गिऱ्हाइकाशी पैसे लावून खेळे, आणि ला बूर्दोने, ज्याने 1836 साली ‘ल पालामेद’ हे बुद्धिबळाचे जगातील पहिले मासिक काढले, तो चारच वर्षांनी लंडनमध्ये दारिद्र्यात मरण पावला. हॉवर्ड स्टॉन्टनने हा धडा घेतला असावा. 1845 पासून 1874 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील बुद्धिबळाचे सदर सांभाळले, 1847 साली आपले प्रसिद्ध हस्तपुस्तक काढले आणि पुढे खेळ जवळजवळ सोडून शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादनाकडे वळला. त्याच्या मागून आलेल्या स्टाइनिट्झला सदर म्हणजे निव्वळ रोजमुरा नव्हता. ‘द फील्ड’मध्ये 1873 ते 1882 या काळात त्याने प्रत्येक खेळीची जी चिकित्सा केली, तीतूनच ‘हल्ला हा प्रतिभेचा प्रसाद नसून साठवलेल्या लहानसहान लाभांचा परिणाम होय’ या आशयाचे त्याचे शास्त्र आकारास आले. तो जगज्जेता होता, तरी लिहिणे त्याला सुटले नाही, कारण जगज्जेतेपदाला त्या काळी तनखा नव्हता. 1900 साली तो न्यूयॉर्कमध्ये निर्धन अवस्थेत वारला.

त्याच्याकडून जगज्जेतेपद घेणाऱ्या इमान्युएल लास्करने ही कैफियत मनाशी पक्की धरली असे दिसते. सामना खेळावयाचा तर बिदागी आधी ठरली पाहिजे, आणि ती भरघोस ठरली पाहिजे, हा त्याचा बाणा इतका करडा होता की समकालीनांनी त्याला लोभी म्हटले; आज मागे वळून पाहता त्याने आपल्या सर्व उत्तराधिकाऱ्यांवर उपकारच केले असे म्हणावे लागते. पण त्या बाण्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की बुद्धिबळपटूंत दोन पंक्ती पडल्या. पहिल्या पंक्तीत बसणाऱ्या एकदोघांना प्रदर्शनी खेळांचे, सामन्यांचे आणि नावाचे पैसे मिळू लागले. दुसऱ्या पंक्तीतल्यांना, जे खेळात त्यांच्याहून केसभरच उणे असत, स्पर्धेतील तिसऱ्याचौथ्या क्रमांकाचे तुटपुंजे बक्षीस आणि लेखणी एवढाच आधार उरला. पहिल्या पंक्तीनेही ग्रंथ लिहिले, हे मान्य केले पाहिजे: लास्कर स्वतः तत्त्वज्ञ आणि गणिती होता आणि त्याचे पाठ्यपुस्तक आजही वाचनीय आहे, कापाब्लांकाचे 1921 चे पुस्तक नवशिक्यास अजूनही निर्धास्तपणे द्यावे असे आहे. तथापि या वाङ्मयातील जे काही वाद पेटवणारे, मते फिरवणारे आणि शैली असणारे आहे, ते बहुतांशी दुसऱ्या पंक्तीने लिहिलेले आहे. न्यूरेंबर्गचा डॉक्टर टाराश 1908 मध्ये लास्करकडून हरला, पण जर्मनीच्या दोन पिढ्या त्याच्या पुस्तकांवर शिकल्या. त्याच्या शिस्तीविरुद्ध बंड करणारा निम्झोविच जगज्जेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचलाच नाही, पण 1925 साली निघालेली त्याची ‘माझी पद्धती’ अजून छापली जाते. जिंकणाऱ्याला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. जो थोडक्यात हुकतो त्यालाच आपण कोठे हुकलो हे शोधावे लागते, आणि शोधता शोधता त्याचा मसुदा तयार होतो.

तार्ताकोव्हर या पंक्तीचा शिरोमणी. 1887 साली रशियातील डॉन नदीकाठच्या रोस्तोव्ह येथे एका सधन ज्यू कुळातील, परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या मातापित्यांच्या पोटी त्याचा जन्म झाला. शिक्षण जिनिव्हा आणि व्हिएन्ना येथे. 1909 मध्ये कायद्याची डॉक्टरेट. दोनच वर्षांनी रोस्तोव्हच्या घरी आईवडिलांचा खून झाला. पहिल्या महायुद्धात त्याने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात चाकरी केली, म्हणजे जन्मभूमीच्या विरुद्ध पक्षास राहून. युद्ध संपले तेव्हा ते साम्राज्यही उरले नव्हते. कायद्याची सनद हाताशी असताना या माणसाने वकिली न करता बुद्धिबळ आणि लेखन हाच व्यवसाय का केला, याचे एक कारण व्हिएन्ना शहर हेच असावे. तेथील कॉफीगृहांत रेटी, श्पीलमान, ग्र्यूनफेल्ड अशी मंडळी दिवसदिवस बसत. 1910 साली तेथेच सहज खेळलेल्या एका डावात रेटीने वजिराचे बलिदान देऊन तार्ताकोव्हरला अवघ्या 11 खेळ्यांत मात केली, आणि तो डाव पुढे हरएक पाठ्यपुस्तकात गेला. पराभूताचे नाव अशा रीतीने अजरामर होणे हे तार्ताकोव्हरच्या स्वभावाला शोभणारेच होते.

युद्धोत्तर काळात या मंडळींनी पटाच्या मध्यभागाविषयीचा जुना कायदाच मोडीत काढला. मधली घरे प्याद्यांनी व्यापलीच पाहिजेत असे नाही. ती प्रतिपक्षाला व्यापू द्यावीत आणि मग दुरून, उंटाच्या माऱ्याखाली, ती खिळखिळी करावीत, असा हा नवा विचार होता, आणि त्याला ‘अतिआधुनिक’ हे किंचित थट्टेचे नाव देऊन रूढ करण्याचे श्रेय तार्ताकोव्हरला दिले जाते. 1924-25 मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेला त्याचा ‘अतिआधुनिक डाव’ हा जाडजूड ग्रंथ या नव्या मताची एक प्रकारची बखरच आहे. रेटी हाच विचार तर्कशुद्ध, चित्रकाराच्या संयमाने मांडतो. निम्झोविच धर्मसंस्थापकाच्या आवेशाने मांडतो. तार्ताकोव्हर मात्र शास्त्र सांगता सांगता विनोद करतो आणि विनोद करता करता शास्त्र सांगून जातो. चुका दोघांच्याही हातून होतातच, फक्त शेवटची चूक आपल्या वाट्यास येऊ नये, अशा आशयाची त्याच्या नावावर चालणारी वचने पुष्कळ आहेत. त्यांत वरकरणी चमत्कृती असली तरी मुळाशी एका जुगाऱ्याचे निरीक्षण आहे. तो रूलेटच्या मेजावर बसे आणि कमावलेले गमावून उठे, ही गोष्ट समकालीनांत सर्वश्रुत होती. लेखनाची गरज त्यामुळे कधी संपली नाही, हाही एक हिशेबच.

याच वर्षी, 1924 मध्ये, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध स्पर्धेत त्याने जो प्रकार केला तो वाङ्मयीन वृत्तीचा नमुना म्हणून सांगण्याजोगा आहे. स्पर्धेच्या एका मोकळ्या दिवशी तो ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला, तेथील सूझन नावाच्या ओरँगउटानशी त्याने जणू मसलत केली, आणि नंतर मारोत्सीविरुद्ध पहिलीच खेळी वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे पुढे सारून केली. डाव तो हरला. पण त्या खेळीला ‘ओरँगउटान’ हे नाव कायमचे चिकटले, आणि आजही ती खेळणारा प्रत्येकजण तार्ताकोव्हरची आठवण काढतो. विजयी मारोत्सीची काढतो असे नाही. ती स्पर्धा लास्करने जिंकली, कापाब्लांका दुसरा आला. आणि स्पर्धेचा जो ग्रंथ आजतागायत आदर्श मानला जातो तो लिहिला तिसऱ्या आलेल्या अलेखिनने. तीन वर्षांनी तो जगज्जेता व्हावयाचा होता, परंतु त्या ग्रंथाच्या वेळी तोही दुसऱ्या पंक्तीतच होता.

तार्ताकोव्हर त्याच सुमारास पॅरिसला स्थायिक झाला. ज्या पोलंडात तो कधी राहिला नव्हता त्या पोलंडच्या वतीने तो ऑलिंपियाडमध्ये खेळला आणि 1930 साली हँबर्गला रुबिनस्टाइनसमवेत सुवर्णपदकाचा वाटेकरी झाला. त्याच वर्षी लीएजची स्पर्धा त्याने दोन गुणांच्या फरकाने जिंकली. आणि 1931 च्या जानेवारीत, कीर्ती अशी ऐन शिखरावर असता, ऑस्ट्रियातील झेमरिंग येथे 12 डावांच्या सामन्यात तो एका हिंदी खेळाडूकडून हरला. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला मीर सुलतान खान 1929 साली लंडनला आला होता. देशी रीतीचा खेळ खेळून वाढलेला, युरोपीय ग्रंथविद्येचे कसलेही पाठबळ नसलेला. चार डाव त्याने जिंकले, तीन तार्ताकोव्हरने, पाच बरोबरीत सुटले. प्रारंभांचे कोशच्या कोश रचणारा एका बाजूस, आणि ते कोश न चाळता पटावर बसणारा दुसऱ्या बाजूस. ग्रंथलेखनाच्या महत्त्वाविषयी इतका वेळ लिहिल्यावर हा निकाल सोयीस्कररीत्या वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सुलतान खानने तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, आश्रयदात्याबरोबर 1933 च्या अखेरीस तो मायदेशी परतला, आणि युरोपच्या पटावरून त्याचे नाव पुसट झाले. त्याच्या हातचा ग्रंथ नाही. तो कसा विचार करी, हे आपल्याला त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टिपणांवरून समजून घ्यावे लागते. फिलिदोरला जो आश्रय मिळाला तो पुस्तकात रूपांतरित झाला. या आश्रयाचे तसे काही झाले नाही, आणि त्याचा दोष खेळाडूकडे जात नाही.

1939 च्या ब्यूनॉस आयर्स ऑलिंपियाडच्या मध्यावरच युरोपात युद्ध पेटले. अनेक खेळाडू, त्यांत पोलंडचा नायदोर्फ, तेथेच राहिले. तार्ताकोव्हर परतला, आणि वयाची पन्नाशी उलटलेली असताना द गोलच्या मुक्त फ्रेंच सैन्यात ‘लेफ्टनंट कार्तिए’ या नावाने रुजू झाला. युद्धानंतर फ्रान्सचे नागरिकत्व घेऊन 1950 मध्ये तो त्या देशाकडून खेळला. 1952 साली ज्यूलियस द्यू माँ याच्यासमवेत त्याने पाचशे डावांचा सटीक संग्रह इंग्रजीत काढला, जो विद्यार्थ्यांच्या हाती अजून असतो, आणि स्वतःच्या निवडक डावांचे दोन खंड सिद्ध केले. फेब्रुवारी 1956 मध्ये पॅरिस येथे तो निवर्तला.

तोवर या व्यवसायाचा आश्रयदाता पुन्हा बदलला होता. सोव्हिएत संघात खेळाडूला सरकारी नेमणूक मिळे आणि पुस्तके सरकारी प्रकाशनसंस्था छापी. कोतोव्हसारखा ग्रँडमास्टर अलेखिनच्या जीवनावर कादंबरीही लिहू शके. 1953 साली स्वित्झर्लंडमध्ये आव्हानवीर ठरवण्यासाठी 15 खेळाडूंची स्पर्धा झाली, तीत 210 डाव खेळले गेले, आणि त्या सर्वांवर दाविद ब्रोन्स्टाइनने जे पुस्तक लिहिले ते 1956 मध्ये, म्हणजे तार्ताकोव्हरच्या मृत्यूच्याच वर्षी, मॉस्कोत निघाले. स्पर्धा स्मिस्लोव्हने जिंकली होती. ब्रोन्स्टाइन दुसऱ्या क्रमांकावर होता, तोही एकटा नव्हे, केरेस आणि रेशेव्हस्की यांच्यासह.